इलेक्ट्रमवर प्रबंध करताय? आधी टक्के कसले ते बघा

वेल्समध्ये एमएस्सी करताना मी प्रबंधासाठी इलेक्ट्रम घेतलं, म्हणजे सोन्या-चांदीचा नैसर्गिक मिश्रधातू. वेल्समधल्याच डॉल्गेल्लायच्या सोन्याच्या पट्ट्यातल्या क्लोगाय आणि ग्विनवनिदच्या क्वार्ट्‌झ शिरा, अँगलसी बेटावरचं पॅरिस माउंटनचं तांबं-शिसं-जस्ताचं सल्फाइड खनिज, ही नावं तुम्ही वाचलेली असतीलच. मला बोलायचंय ते एका रकान्याबद्दल. त्यानं माझे सात आठवडे खाल्ले.

चांदी साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की इलेक्ट्रम म्हणायचं, हे पाठ होतं. पण टक्के कसले? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं सॉफ्टवेअर वजनाचे आणि अणूंचे टक्के शेजारी शेजारी छापतं. मी वजनाची व्याख्या धरली आणि आकडे अणूंच्या रकान्यातून उचलले. सोन्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा सुमारे १.८ पट जड असतो. त्यामुळे वजनानं १२ टक्के चांदी असलेला कण अणूंच्या रकान्यात २० टक्के दाखवतो, आणि वजनानं २० टक्के असलेला ३१. माझं निम्मं ‘इलेक्ट्रम’ नुसतं चांदीमिश्रित सोनं होतं. काही संशोधक अणूंचेच टक्के वापरतात, तेही चालतं. पण एक धरा, पहिल्या पानावर लिहा, आणि दुसऱ्याच्या पेपरातला आकडा घेताना त्याचे टक्के कसले ते शोधा. शुद्धतेचा हजारी आकडा (हजार भागांत सोनं किती) मात्र नेहमी वजनावरच असतो: वरचा पहिला कण ८८०.

कण दोन-तीन मायक्रॉनचा असेल तर सूक्ष्मदर्शकाची इलेक्ट्रॉन शलाका शेजारच्या खनिजातही शिरते आणि तिथली चांदी तुमच्या कणाच्या नावावर चढते. कडेचे बिंदू सरळ टाकून द्या.

माझी चूक मार्गदर्शकांनी नाही, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञबाईंनी पकडली. माझं ठाम मत आहे, पहिल्या आठवड्यात गाईडपेक्षा तंत्रज्ञांशी ओळख करा. आणि संकेतस्थळावरच्या खनिजयादीवर नमुन्यांचं नियोजन करू नका. यादीत नाव असतं, पण कण एखाद्याच सेक्शनमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी घासलेल्या खडकाच्या कापात, दिसलेला असतो.

सोनं चाळायचं पॅन घेऊन परवानगीशिवाय नदीत तर अजिबात उतरू नका. तिथलं सोनं क्राउन इस्टेटच्या हक्कातलं आहे, शिवाय व्हिसावर असताना भानगड नकोच. नमुन्यांसाठी संग्रहालयाकडे लेखी विनंती करा.

आणि रकाना चुकलाच असेल तर घाबरू नका. सेक्शन तेच राहतात, मोजमापंही तीच. मी एका दुपारी सगळे तक्ते पुन्हा केले. पॅरिस माउंटनचे कण तेव्हाही इलेक्ट्रमच राहिले.