बोल्ड सीन करायचाय? मग 'नाही' घरी बसून लिहा, सेटवर नको

मी ड्रेस डिपार्टमेंटला आहे, चौदा वर्षं झाली. गोरेगाव, मढ, मीरा रोड, नायगाव, जिथे सेट लागेल तिथे बॅग घेऊन जाते. ब्लाऊजचे हुक लावणाऱ्या बाईला सगळं दिसतं आणि तिला कोणी मोजत नाही, त्यामुळे ऐकूही सगळं येतं. लातूर, नांदेड, जळगाववरून आलेल्या पोरी (पोरं पण, त्यांचं पुढे सांगते) वर्सोव्यातल्या आराम नगरच्या गल्ल्यांतून ऑडिशन देत फिरतात आणि दोन-तीन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, ताई एक वेब सिरीज आलीय, थोडी बोल्ड आहे, करू का. करू की नको हे मी सांगत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. करायचंच असेल तर कसं, तेवढं सांगते.

आधी 'बोल्ड' म्हणजे काय ते विचारा. लाजू नका, एकेक गोष्ट नाव घेऊन विचारा: किस आहे का, किती वेळ, पाठ उघडी दिसणार का, वरचे कपडे काढायचे का, चादरीखालचं आहे की चादरीवरचं, समोर कोण आहे. जो माणूस 'अरे वो सब सेट पे देख लेंगे' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तो सीन लिहिलेला असतो, त्यामुळे काय आहे ते त्यांना माहीत असतं, फक्त तुम्हाला सांगायचं नसतं.

दुसरं, आपल्याकडे खरी पॉर्न बनवणं आणि ऑनलाइन टाकणं हा गुन्हा आहे, आयटी अ‍ॅक्टच्या ६७ए खाली पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ते बनवणारा कधीच त्या नावाने बोलवत नाही, तो वेब सिरीज म्हणतो, शॉर्ट फिल्म म्हणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई क्राइम ब्रँचने मढच्या बंगल्यावर छापा टाकला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पण पुढे आलेल्या मुलींच्या तक्रारी काय होत्या ते फार कमी लोकांनी वाचलं. वेब सिरीजमध्ये रोल म्हणून बोलावलं आणि तिथे गेल्यावर भलतंच करायला लावलं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने १८ ओटीटी बंद केले, जुलै २०२५ मध्ये आणखी २५ अ‍ॅप. पण अ‍ॅपचं काय, एक बंद पडलं की तोच माणूस नवीन नाव, नवीन लोगो घेऊन परत आराम नगरात हजर. म्हणून अ‍ॅपचं नाव बघून भुलू नका, प्रॉडक्शन हाऊस रजिस्टर आहे का, आधीचं काम कुठे दिसतं, त्यात काम केलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का, हे बघा. हा शेवटचा प्रश्न विचारला की निम्मे लोक तिथेच गळतात.

आता जिथे पॉर्नचा धंदा कायदेशीर आहे तिथलं थोडं सांगते, कारण त्यातनं आपल्याला शिकण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात परफॉर्मर लोक दर १४ दिवसांनी टेस्ट करतात, एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया वगैरे, आणि रिपोर्ट क्लीन असेल तरच शूट. वयाचा पुरावा ठेवणं निर्मात्यावर कायद्याने बंधनकारक आहे. आणि चांगल्या सेटवर आधी यादी भरून घेतात, हे चालेल, हे चालणार नाही, हे समोर कोण आहे त्यावर. आपल्याकडे सीन खोटा असतो म्हणून टेस्टची गरज नाही (ओठावर फोड आला असेल तर किसचा सीन पुढे ढकला, एवढं तरी म्हणा बाबांनो), पण ती यादी मात्र जशीच्या तशी उचला.

पण कागद आणि कॅमेरा असला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. सॅन दिएगोची एक केस आहे, 'गर्ल्स डू पॉर्न' नावाची साइट. मुलींना मॉडेलिंगच्या जाहिरातीतून बोलवायचे, विमानाचं तिकीट द्यायचे, आणि सांगायचे की हे ऑनलाइन येणार नाही, ऑस्ट्रेलियासारख्या लांबच्या देशात डीव्हीडीवर जाईल, तुला कोणी ओळखणार नाही. कॉन्ट्रॅक्ट पुढ्यात यायचं ते हॉटेलच्या खोलीत, शूटच्या तोंडावर, वाचायला वेळ न देता. कॅमेऱ्यासमोर 'मी माझ्या मर्जीने करतेय' हेही बोलून घ्यायचे. व्हिडिओ नेटवर आला आणि मुलींची कॉलेजं, घरं, नोकऱ्या उद्ध्वस्त झाली. २२ जणी कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने एक कोटी वीस लाख डॉलरच्या वर भरपाई दिली, शिवाय त्या व्हिडिओंचे हक्कही मुलींनाच दिले. सही होती, कॅमेऱ्यावरचा 'हो' पण होता, तरी कोर्टाने म्हटलं फसवून घेतलेलं आहे. आता जरा आठवा, आपल्याकडचा कास्टिंग कोऑर्डिनेटर काय सांगतो? 'इंडिया में नहीं दिखेगा, बाहर का ऐप है.' वाक्य तेच आहे, ऑस्ट्रेलियाच्या जागी दुबई.

आता मुद्द्याचं. सेटवर 'नाही' म्हणणं फार महाग असतं. चाळीस माणसं उभी असतात, लाईटचं भाडं चालू असतं, बंगल्याची वेळ संपत आलेली असते, आणि तुम्ही नवीन. मी एक मुलगी पाहिलीय, सांगलीकडची, रात्री दोन वाजता तिच्या हातात नवीन पानं आली, त्यात जे लिहिलं होतं ते आधीच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. ती व्हॅनिटीत बसून पानं परत परत उलटत होती, जणू मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलेलं असेल. दिग्दर्शक आत येऊन अगदी गोड आवाजात म्हणाला, बेटा दो मिनट का सीन है, सब रुके हैं. कोणी हात धरला नाही, दरवाजा बंद केला नाही. तिने केला तो सीन. नंतर अंगावरची कपड्याची टेप काढताना ती मला म्हणाली, ताई मी हो कधी म्हटलं? आणि मला आठवेना, कारण ती म्हणालीच नव्हती, फक्त उठून उभी राहिली होती. मी पण तेव्हा काही बोलले नाही, हातात सेफ्टी पिन धरून उभी होते. ते मला अजून टोचतं.

तर 'नाही' आधी म्हणायचं, घरी, चहा पिऊन, शांत डोक्याने, आणि लिहून. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, ईमेल त्याहून बरा. असं काहीतरी टाका: 'नमस्कार सर, सीन नंबर १४ आणि २२ वाचले. किस आणि पाठ उघडी इथपर्यंत मी करेन. समोरून टॉपलेस, खालचे कपडे काढणे, अंगावर प्रत्यक्ष हात फिरवणे हे करणार नाही. सीनमध्ये बदल झाला तर ४८ तास आधी लेखी कळवावं, सेटवर आयत्या वेळी आलेला बदल मी स्वीकारणार नाही. ओके असेल तर रिप्लाय करा.' रिप्लाय आला की स्क्रीनशॉट काढून बहिणीला नाहीतर मैत्रिणीला पाठवा, म्हणजे तुमचा फोन गेला तरी तो राहतो. रिप्लाय नाहीच आला तर? मग तोच रिप्लाय समजा. आणि फोनवर 'हाँ हाँ हो जाएगा' म्हणाले तर फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज टाका, 'आत्ता बोलल्याप्रमाणे...' म्हणून.

कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर मी वकील नाही, पण इतके फसलेले करार बघितलेत की चार ओळी पाठ झाल्यात. एक, न्यूडिटी रायडर, म्हणजे अशा सीनपुरतं कॉन्ट्रॅक्टचं जोडपत्र, वेगळा जोडलेला हवा, त्यात सीनवार काय दिसणार ते लिहिलेलं. 'अ‍ॅज पर डायरेक्टर्स व्हिजन' असं लिहिलं असेल तर सरळ खोडायला लावा. फुटेज फक्त याच प्रोजेक्टसाठी, ट्रेलर, पोस्टर, रील आणि 'अनकट व्हर्जन'साठी वेगळी परवानगी. अनकटवर फार लक्ष ठेवा, खरा पैसा तिथेच आहे आणि मुलीला ते सांगतच नाहीत. न वापरलेलं रॉ फुटेज डिलीट केल्याचं लेखी. आणि कॉपी तुमच्याकडे, सहीच्या दिवशीच, 'नंतर मेल करतो' नाही.

पेनल्टीचं भूत पण उतरवून टाकते. 'मधेच सोडलंस तर दहा लाख भरावे लागतील' ऐकून पोरी गारठतात. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, जुना पण कामाचा. जबरदस्तीने, फसवून, दबाव टाकून घेतलेली संमती ही खरी, मुक्त संमती नाही आणि असा करार तुम्ही रद्द करून घेऊ शकता. आणि ज्या कामाचा हेतूच बेकायदा आहे तो करार मुळातच निरर्थक. म्हणजे पॉर्न शूट करायला लावणारा माणूस पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर कितीही आकडे लिहू दे, तो कागद घेऊन कोर्टात जायची त्याचीच हिंमत नसते.

शूटच्या दिवशी बघायचं ते असं. क्लोज्ड सेट म्हणजे कॅमेरामन, साऊंड, दिग्दर्शक, एखादी एडी (असिस्टंट डायरेक्टर) आणि आमच्या ड्रेसवाल्यांतली एक बाई, बस. मॉनिटर कुठे कुठे लावलाय ते फिरून बघा, कारण सेट क्लोज्ड आणि बाहेर टेंटमध्ये दुसऱ्या मॉनिटरवर बारा जण चहा पीत बघतायत हे मी स्वतः पाहिलंय. फोन बाहेर ठेवायला लावा, सगळ्यांचे, प्रोड्युसरच्या भाच्याचा पण. कट म्हटलं की गाऊन लगेच अंगावर आला पाहिजे, ते काम कुणाचं हे आधी ठरवा. को-अ‍ॅक्टरशी आधी कपडे घालून बसा आणि सांगा इथे हात चालेल, इथे नाही. थांबायचा एक शब्द ठरवा जो डायलॉगमध्ये नाही, 'नको' ठरवू नका कारण तो सीनमध्येच असतो. इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे सीन आधी ठरवून सुरक्षित करून घेणारी बाई, मिळाली तर सोन्याहून पिवळं. गंमत म्हणजे हे काम मोठं झालं ते न्यूयॉर्कच्या पॉर्न धंद्यावरच्याच एका सिरीजमुळे, तिथल्या एका अभिनेत्रीने मागणी केली आणि २०१८ मध्ये एचबीओने सगळ्या तशा सीनसाठी नियमच केला. आपल्याकडे आस्था खन्नासारख्या बायका हे काम करतात, पण छोट्या अ‍ॅपच्या बजेटमध्ये ते बसत नाही म्हणतात, आणि ड्रोनचं बजेट मात्र बसतं.

मागे कोणीतरी असू द्या. लोकेशन, कॉल टाइम, गाडीचा नंबर एका माणसाला पाठवा आणि रात्री ठरलेल्या वेळी त्याला फोन. एकटीने ये, मोबाईल गेटवर जमा कर, असं म्हणाले तर रिक्षा परत फिरवा. भाड्याचे दोनशे गेले तर गेले.

एवढं करूनही क्लिप बाहेर आली तर रडत बसायला नंतर वेळ आहे, आधी लिंक, तारीख, अकाउंटचं नाव यांचे स्क्रीनशॉट. मग त्या प्लॅटफॉर्मच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार घेणारा अधिकारी) तक्रार, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तुम्ही स्वतः तक्रार केलीत तर असं फुटेज त्यांना काढावंच लागतं, आधी मुदत २४ तासांची होती, फेब्रुवारी २०२६ पासून दोन तासांची. 'स्टॉप एनसीआयआय' म्हणून मोफत सेवा आहे, त्यात व्हिडिओ अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक आकडी ठसा बनतो आणि तोच जातो, सामील असलेल्या साइट त्या ठशावरनं क्लिप अडवतात. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही तक्रार टाकता येते. पोलिस स्टेशन हद्दीवरून टोलवाटोलवी करायला लागलं तर 'झिरो एफआयआर' हे दोन शब्द म्हणा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच नोंदवायची. आणि हे नीट वाचा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये (आधीचं आयपीसी ३५४ सी) स्पष्ट लिहिलंय की बाईने शूटला संमती दिली पण पसरवायला दिली नाही, तर पसरवणं हा गुन्हाच. 'तूच तर केलंस ना शूट' म्हणणाऱ्या हवालदारसाहेबांना हे नम्रपणे दाखवा. वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

त्रास सेटवरच झाला असेल तर पॉश कायदा आहे, कामाच्या जागी बाईच्या लैंगिक छळाविरुद्धचा, तक्रार तीन महिन्यांच्या आत. युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर त्यांची समिती हवी, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. २०२२ मध्ये केरळ हायकोर्टाने सिनेमाच्या युनिटलाही हे लागू आहे असं सांगितलं, पण मल्याळम सिनेमातल्या बायकांवरचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला तेव्हा कळलं कागदावर समिती असणं वेगळं आणि मुलीने तिच्याकडे जाणं वेगळं. तरी अर्ज द्या, पोच घ्या.

पोरांचं राहिलं. पॉश आणि कलम ७७ बाईसाठी आहेत, पण आयटी अ‍ॅक्टचं ६६ई पुरुषालाही लागू, परवानगीशिवाय खाजगी अंगाचं चित्रण केलं किंवा पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पोरं बोलतच नाहीत, 'मर्दाला काय होतं' म्हणून हसतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. वर दिलेला मेसेज तुम्ही पण पाठवा, शब्द बदला फक्त.

शेवटी बॅगेत काय ठेवायचं: स्वतःचा गाऊन, जाड कापडाचा, बटणवाला, दोरीवाला सुटतो. अंगाच्या रंगाची जुनी इनर दोन सेट. अंग झाकायला चिकटवायचे सिलिकॉनचे पॅच घरी अर्धा तास लावून बघा, कारण साऊंडसाठी एसी बंद करतात आणि घामाने ते सरकतात, मग ऐन टेकमध्ये हात तिकडे जातो. कापडी डबल टेप, प्लास्टिकची नको, तिने साल निघते. आणि टेप काढताना ओढू नका, बेबी ऑइल लावून दोन मिनिटं थांबा, आपोआप सुटते.