ग्लायडरच्या कॉकपिटसाठी रेडिओ घेताना काय बघायचं

रेडिओ बघायला बसलं की आधी ब्रँडवर चर्चा सुरू होते. माझं म्हणणं, सुरुवात बॅटरीपासून करा. इंजिन नाही म्हणजे अल्टरनेटर नाही, सकाळी चार्ज करून ठेवलेल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरच सगळा दिवस काढायचा, आणि रेडिओ सगळ्यात जास्त लागतो तो शेवटी, सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायच्या ठरलेल्या फेरीत) शिरताना, जेव्हा बॅटरी उतरलेली असते.

नुसतं ऐकताना रेडिओ फार खात नाही, एक-दोन दशांश अँपिअर फारतर, पण पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबलं की तोच साधारण दोन अँपिअरपर्यंत जातो. तेव्हा थकलेली लेड ॲसिड बॅटरी आणि बारीक, जुन्या वायरी असतील तर व्होल्टेज एकदम पडतं, डिस्प्ले मंद होतो किंवा रेडिओ चक्क रीस्टार्ट होतो, आणि आपल्याला वाटतं रेडिओच खराब. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये किमान किती व्होल्टला ट्रान्समिट होतं ते आधी वाचा, ते जितकं कमी तितकं चांगलं. आणि बसवल्यावर रेडिओच्या प्लगपाशी मीटर लावून पीटीटी दाबून बघाच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी व्होल्टेज छान धरून ठेवते पण संपताना झपकन संपते, त्यामुळे व्होल्टेज स्क्रीनवर दाखवणारा रेडिओ असेल तरी नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे अँटेना. 6 वॅटचा रेडिओ ग्लायडरला भरपूर होतो, जास्त वॅटच्या मागे धावू नका, पैसे अँटेना आणि केबल नीट करण्यात घाला. विमानांच्या रेडिओ बँडला, म्हणजे 118 ते 137 मेगाहर्ट्झला, क्वार्टर वेव्ह (तरंगलांबीचा पाव भाग, तेवढा अँटेना लागतो) साधारण 60 सेंटिमीटर येते. फायबरग्लासमध्ये अँटेना आत चालतो पण कार्बन फायबर सिग्नल अडवतं, तिथे तो कुठे बसवलाय ते महत्त्वाचं. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) मोजून घ्या, 2 च्या खाली पाहिजे. ते न बघता नवा रेडिओ घेतला तर जुनीच खरखर नव्या डब्यातून ऐकाल.

आता माइक. ग्लायडरमध्ये बहुतेक वेळा हेडसेट नसतो, गूजनेक (वाकवता येणाऱ्या दांडीचा) माइक आणि स्पीकर असतो. माइक डायनॅमिक आहे का इलेक्ट्रेट ते बघा, कारण इलेक्ट्रेटला रेडिओकडून व्होल्टेज लागतं आणि डायनॅमिकचा आवाज मुळात बारीक, सेटिंग चुकलं की समोरच्याला काहीच कळत नाही. दोन्ही चालणारा रेडिओ घ्या. टू सीटर असेल तर दोन माइक आणि इंटरकॉमची सोय लागेलच.

पॅनेलचं भोक मोजा, 57 मिलिमीटरचं का 80 चं, आणि मागे किती खोली आहे तेही. युरोपात उडत असाल तर 8.33 किलोहर्ट्झवाला (दोन चॅनेलमध्ये एवढंच अंतर ठेवणारा) रेडिओच पाहिजे, जुना 25 वाला स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

डिस्प्ले मात्र दुकानात बघून ठरवू नका, भर उन्हात न्या, कॅनोपीखाली ऊन थेट पडतं. नॉब हातमोजे घालून फिरतात का तेही बघा. पीटीटी अडकून राहिलं तर ठराविक वेळाने ट्रान्समिट आपोआप बंद करणारा रेडिओ मला फार मोलाचा वाटतो, बऱ्याच मॉडेलमध्ये हे साधारण 2 मिनिटांनी होतं. ही बँड एएमवर चालते, अडकलेलं एक पीटीटी अख्खी फ्रिक्वेन्सी अडवून बसतं आणि खाली सर्किटमध्ये कोणालाच काही बोलता येत नाही. ड्युअल वॉचही कामाचं, एका वेळी एअरफिल्ड आणि दुसरी फ्रिक्वेन्सी दोन्हीवर कान राहतो.

हँडहेल्ड बॅकअप म्हणून जरूर ठेवा, पण मुख्य रेडिओ म्हणून नको, रबराच्या छोट्या अँटेनावर त्याची रेंज फार कमी. बॅकअप ठेवलाच तर बाहेरच्या अँटेनाला जोडायचा कनेक्टर आधीच करून ठेवा आणि हँडहेल्ड चार्ज आहे ना ते टेकऑफच्या आधी बघा.