व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी: पैसे कोणत्या क्रमाने उभे करावेत

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा व्यवस्थापनशास्त्र यांसारख्या अभ्यासक्रमांना महाराष्ट्रात प्रवेश घेताना पैशांचा एक क्रम ठरवून ठेवावा. जो पैसा परत करावा लागत नाही, म्हणजे शासनाची शुल्कसवलत, शिष्यवृत्ती आणि विश्वस्त संस्थांची मदत, तो आधी मिळवावा; नंतर घरातील बचत वापरावी; आणि उरलेल्या रकमेपुरतेच कर्ज काढावे. प्रत्यक्षात अनेक घरांत याच्या उलट घडते. प्रवेश निश्चित करण्यासाठी दोन-तीन दिवसच हाताशी असतात, दाखले तयार नसतात, आणि मग सोनेतारण किंवा पतसंस्थेचे महागडे कर्ज हाच पहिला उपाय ठरतो.

म्हणून कामाची सुरुवात दाखल्यांपासून, आणि तीही बारावीच्या निकालाची वाट न पाहता करावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल त्याप्रमाणे जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांसाठी लगेच अर्ज करावेत. जून-जुलैत सेतू केंद्रांवर मोठी गर्दी असते, आणि जात वैधतेला तर काही महिनेही लागू शकतात. दाखल्यावरील आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नावात फरक असेल, तर ती दुरुस्तीही याच काळात करून घ्यावी.

फी किती आहे, हे महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावरून न ठरवता शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावे. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार हे प्राधिकरण ठरवते आणि त्यापलीकडे देणगी घेण्यास कायद्याने बंदी आहे. या फीचे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे भाग असतात. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अनेक योजनांत सवलत शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावरच मिळते. ‘फी माफ’ एवढेच ऐकून गेलेल्या पालकांना विकास शुल्काची पावती पाहून धक्का बसतो. कोणत्या बाबीखाली किती रक्कम घेतली जात आहे, हे लेखी मागावे. तो आपला अधिकार आहे.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. सवलतीच्या बहुतेक योजना राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावरील फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला त्या मिळत नाहीत, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही त्यांतील बऱ्याचशा योजनांतून वगळलेले आहे. थोड्या अधिक नावाजलेल्या महाविद्यालयासाठी किंवा हव्या त्या शाखेसाठी कॅपमधील जागा सोडून संस्थास्तरावर प्रवेश घेतला, की चारही वर्षांच्या सवलतीवर पाणी सोडावे लागते. हा निर्णय कुटुंबाने अवश्य घ्यावा, पण चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. माझ्या मते, मध्यम उत्पन्नाच्या घरासाठी तो फरक क्वचितच सार्थ ठरतो.

योजनांपैकी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही खुल्या प्रवर्गातील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी असून तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन भरते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या सर्वांचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. याशिवाय तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर असतो.

सवलतीस पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिल्या आहेत. तरीही पूर्ण फी मागितली गेल्यास शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. शिष्यवृत्ती थेट खात्यात येत असेल, तर ते बँक खाते विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेले व चालू आहे याची खात्री करावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो, पण त्यातील फीचा भाग महाविद्यालयाचा असतो. तो घरखर्चात गेला, तर पुढे परीक्षेचा अर्ज आणि गुणपत्रिका अडून बसतात.

फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च अनेकदा मोठा ठरतो. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. पुण्यात शिकणाऱ्या ग्रामीण मुलामुलींनी विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहासाठी अवश्य अर्ज करावा. विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना हातखर्चापुरती उपयोगी पडते. तिच्या भरवशावर फीचा हिशेब मांडू नये.

एवढे करूनही तूट राहिली, तर शैक्षणिक कर्ज घ्यावे, आणि ते राष्ट्रीयीकृत किंवा अन्य अनुसूचित बँकेतूनच घ्यावे. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण व स्वतःचा हिस्सा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर बँका तारण मागतात. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मान्यताप्राप्त संस्थेतील व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी केंद्राच्या योजनेतून अभ्यासक्रमाच्या काळातील आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज माफ होऊ शकते. पतसंस्थेच्या कर्जाला हा लाभ नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च मानांकित संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे.

ज्यांना व्याजमाफी नाही, त्यांनी हे गणित करून पाहावे. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरले, तर शिक्षण संपून एक वर्षाने हप्ते सुरू होताना व्याजच १,४०,००० रुपये झालेले असते. हे व्याज शिकतानाच दरमहा भरत गेल्यास मूळ कर्ज वाढत नाही आणि काही बँका दरातही थोडी सूट देतात. कर्जाचा अर्ज नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे आणि बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे दाद मागावी.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवर नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. पहिल्या वर्षीचा अर्ज मंजूर झाला म्हणून तो आपोआप पुढे चालत नाही. त्यासाठी मागील वर्षाची गुणपत्रिका, फीच्या सर्व पावत्या आणि नवा उत्पन्नाचा दाखला एका फाइलमध्ये ठेवावा, आणि अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर अडकला आहे का, हे दर पंधरवड्याला संकेतस्थळावर पाहावे. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही, तर त्या वर्षाची पूर्ण फी कुटुंबाच्या अंगावर येते.