गाडी का उभी आहे? क्लार्क-एसकेटीचा फॉर्म भरणाऱ्या पोरांसाठी

पहाटे रंकाळ्याभोवती पळणाऱ्या पोरांना लष्करभरतीत कुठला फॉर्म भरणार म्हणून विचारलं तर बहुतेक जण जीडी, म्हणजे जनरल ड्यूटी सांगतात, आयटीआय झालेले टेक्निकल सांगतात. क्लार्क-एसकेटीचा फॉर्म भरणारे कमी. त्यांच्यातल्याही पुष्कळांना एसकेटी, म्हणजे स्टोअर कीपर टेक्निकल, हा गोदामात बसून सह्या घेणारा माणूस एवढंच वाटतं. मी स्टोअर कीपर टेक्निकल म्हणूनच भरती झालो आणि त्याच ट्रेडमधून पेन्शनीत आलो. लेजरच्या जाड वह्या आणि रॅकला लटकलेली बिन कार्डं, म्हणजे त्या खान्यात किती माल आहे ते लिहिलेली कार्डं, मी हाताळली, आणि तोच हिशोब पुढं संगणकावर गेलेलाही पाहिला. हे काम पोरांना नीट उलगडून सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून लिहितोय. कुठल्या युनिटकडं काय आहे आणि किती आहे, यातलं अवाक्षर इथं मिळणार नाही. कामाची रीत तेवढी सांगतो.

फौजेत प्रत्येक गाडीची, जनरेटरची, तोफेची रोजची हजेरी असते: चालू की बंद. बंद गाडीला व्हीओआर म्हणतात, म्हणजे व्हेइकल ऑफ रोड. आत्ता हुकूम आला तर किती निघतील, हे वरच्या साहेबांना सकाळी कळायला हवं असतं. उत्तर एका आकड्याचं, पण ते तीन ठिकाणांहून येतं. गाडी वापरतं युनिट, दुरुस्त करतं ईएमईचं, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती कोअरचं वर्कशॉप, सुटा भाग देतो ऑर्डनन्सचा, म्हणजे सामान पुरवणाऱ्या कोअरचा डेपो. कागदाच्या काळात तिघांच्या वह्या तीन होत्या. वर्कशॉप म्हणायचं मागणी पाठवलीय, डेपो म्हणायचा आमच्याकडं पोचलीच नाही, आणि गाडी शेडमध्ये धूळ खात असायची.

वेबवरच्या प्रणाली आल्या त्या हा घोळ मोडायला, सगळ्यांनी एकाच नोंदीकडं बघावं म्हणून. ऑर्डनन्स कोअरचा सीआयसीपी, हवाई दलाची इमॉल्स आणि ई-एमएमएस, नौदलाची आयएलएमएस, अमेरिकन सेनेची जीसीएसएस-आर्मी, ही सगळी त्याच घराण्यातली. प्रत्येकीचा आवाका वेगळा आहे. अमेरिकनांनी पुरवठा, दुरुस्ती आणि सामानाचा हिशोब यांच्या जुन्या सुट्या प्रणाली काढून सगळं एसएपी या एकाच सॉफ्टवेअरवर बसवलं. मोठ्या कारखान्यांत चालतं तेच हे एसएपी, म्हणजे यातलं मूळ ज्ञान बाहेरही चालतं.

नव्या पोरानं पहिल्यांदा काय शिकावं? गाडी उभी आहे एवढं कळून कोणाचंच काम होत नाही. का उभी आहे, ते कळलं पाहिजे. हिशोब करून बघा. २० गाड्या, ३० दिवसांचा महिना, म्हणजे ६०० गाडी-दिवस. सगळ्या मिळून ६० दिवस उभ्या राहिल्या तर तयारी ९० टक्के. अमेरिकन सेना जमिनीवरच्या सामानासाठी ९० टक्क्यांचंच उद्दिष्ट धरते, म्हणजे आकडा बरा दिसतो. आता त्या ६० दिवसांतले ४५ पार्टची वाट बघण्यात गेले असतील, तर साहेबांनी डेपोकडं पाठपुरावा करायचा. पार्ट हजर असून ४५ दिवस दुरुस्तीतच गेले असतील, तर वर्कशॉपला कारागीर वाढवून द्यायचे. दोन्ही वेळा आकडा ९०च, उपाय मात्र एकमेकांपासून कोसभर लांब. म्हणून तिकडं पुरवठ्यामुळं बंद आणि दुरुस्तीमुळं बंद असे दोन खाने वेगळे ठेवतात. आपल्याकडं नोंद कुठल्याही प्रणालीत असो, हा फरक डोक्यात पक्का बसवा. पार्ट ज्या दिवशी आला त्याच दिवशी खाना बदलला नाही, तर पुढचे सगळे दिवस डेपोच्या नावावर चढतात आणि खरी अडचण कोणालाच दिसत नाही.

टक्केवारीनं भुलूही नका. वीसातली एकच बंद आहे, पण ती रिकव्हरी गाडी आहे, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढणारी, तर ९५ टक्के तयारी असलेला ताफा पहिल्या चिखलात अडकून बसेल.

कॅनिबलायझेशनबद्दल, म्हणजे एका बंद गाडीचा भाग काढून दुसरीला लावण्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं चांगली माणसंही घसरतात. दोन गाड्या बंद आहेत. एकीचा अल्टरनेटर गेलाय, दुसरीचा गिअरबॉक्स. गिअरबॉक्सवालीचा अल्टरनेटर काढून पहिलीला लावला की एक गाडी तासाभरात चालू. निकडीच्या वेळी, परवानगी घेऊन, हे करतातही. पण नोंद झाली नाही तर काय होतं बघा. अल्टरनेटरची मागणी डेपोकडं गेलीच नाही. डेपो खरेदीचा अंदाज खपावरून बांधतो. महिन्याला सरासरी किती लागतं याचा आकडा असतो, त्याला मंथली मेंटेनन्स फिगर, एमएमएफ म्हणतात. मागणी नाही म्हणजे खप नाही, खप नाही म्हणजे एमएमएफ कमी, आणि पुढच्या आढाव्यात अल्टरनेटर कमी घेतले जाणार. आज एका जवानानं चांगल्या हेतूनं वाचवलेला तास पुढं दुसऱ्याच कुठल्या तरी सीमेवरच्या युनिटला महिनोन् महिने भोवतो. म्हणून काढलेल्या पार्टची मागणी त्याच दिवशी टाकायची, आणि ज्या गाडीतून काढला तिच्या नोंदीतही तो कमी दाखवायचा. या एका गोष्टीत मी कधी कोणाला सूट दिली नाही.

दुसरी परीक्षा नंबरांची. भारत नाटोच्या कोडिफिकेशन पद्धतीत, म्हणजे सामानाला नंबर देण्याच्या पद्धतीत सहभागी आहे, नाटोचा सदस्य देश नसला तरी. त्या पद्धतीत प्रत्येक वस्तूला १३ आकडी स्टॉक नंबर असतो. पहिले ४ आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सल, ३११० म्हणजे बेअरिंग, ५३०६ म्हणजे बोल्ट. पुढचे २ आकडे नंबर देणाऱ्या देशाचे, भारताचा ७२. उरलेले ७ त्या वस्तूचे स्वतःचे. कंपनीचा पार्ट नंबर याहून वेगळा, आणि एकाच वस्तूला दोन कंपन्यांचे दोन नंबर असू शकतात. संगणक नंबर बघतो, वस्तू बघत नाही. नंबर चुकला तर तो मुकाट्यानं भलतंच काही मागवेल. म्हणून जुना पार्ट हातात घ्या, त्यावर कोरलेलं वाचा, कॅटलॉगातल्या आकृतीशी जुळवा, मगच बटण दाबा.

आणि ‘चालू’ हा शब्द जपून वापरा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लष्कर, नौदल आणि एनडीआरएफच्या बोटी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फिरल्या. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं त्या बोटींनी बाहेर काढली. त्या बोटींना मागं जी मोटार लागते तिला ओबीएम म्हणतात, आउटबोर्ड मोटर. ती वर्षातले कितीतरी महिने स्टोअरमध्ये पडून असते. पडून राहिलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटतं. मोटार थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, कडक होतो. बाहेरून मोटार नवी कोरी दिसते आणि पाण्यात गेल्यावर गरम होऊन बंद पडते. अशी मोटार फिरवून न बघता कोणी संगणकावर ‘चालू’ लिहिलं, तर छपरावर बसलेल्या माणसाला त्या नोंदीचा काय उपयोग? ज्यांच्या गावात पुराचं पाणी आलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव नसेल, तर ‘चालू’वर विश्वास ठेवू नका, मग नोंद कितीही मोठ्या हुद्द्याच्या माणसानं केलेली असो.

आता वाटेचं. अग्निवीर क्लार्क-एसकेटीसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते. एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के लागतात. इंग्रजी हवंच, आणि गणित, अकाउंट्स किंवा बुककीपिंग यांपैकी एक. आधी ऑनलाइन लेखी, मग मैदान. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाची जाहिरात दर वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, अटी बदलतात. ऑर्डनन्सच्या एसकेटीचं ट्रेनिंग सिकंदराबादच्या एओसी, म्हणजे आर्मी ऑर्डनन्स कोअरच्या सेंटरला होतं, पुढचे कोर्स जबलपूरच्या कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटमध्ये. वर्दी न घालताही या कामात येता येतं: ऑर्डनन्समध्ये मटेरियल असिस्टंट ही सिव्हिलियन जागा असते, तिच्यासाठी पदवी किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो.

तयारीत टायपिंग आणि एक्सेल सगळेच करतात. मी सांगेन, उद्यमनगरात एखाद्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रोज थोडा वेळ बसा. व्हील सिलिंडर, युनिव्हर्सल जॉइंट, क्लच प्लेट हातात घेऊन ओळखायला शिका. पार्ट ओळखणारा एसकेटी आला की वर्कशॉपचे मेकॅनिक त्याच्याशी वेगळ्या मानानं बोलतात.

मोबाईलची सवय मात्र आत्ताच आवरा. कुठली गाडी बंद आहे ही माहिती शत्रूला गोळ्याइतकीच उपयोगी. स्क्रीनचा फोटो, स्टेटसला लावलेली शेडची सेल्फी, मित्राला फुशारकीत सांगितलेला आकडा, यातलं काहीही १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली नेऊ शकतं. त्यात दयामाया नसते, आणि नसावीच.

अग्निपथ योजना २०२२ ला आली तेव्हापासून चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात. बाकीच्यांनी हताश व्हायचं कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांना सुट्या भागांचा हिशोब आणि मशीन बंद राहण्याचं कारण तारखेनिशी मांडणारा माणूस हवाच असतो. मुलाखतीत ‘स्टोअर बघत होतो’ एवढंच सांगू नका. मागणी, खप आणि बंद दिवस यांचा मेळ कसा घालत होता ते सांगा.

ज्यांच्या घरची फाउंड्री आहे त्यांनी दुसऱ्या बाजूनं बघावं. संरक्षण मंत्रालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सृजन पोर्टल सुरू केलं. आजवर बाहेरून आणलेले कितीतरी भाग तिथं टाकलेत, भारतात बनवणारा हवा म्हणून. वर्कशॉपमध्ये पार्टच्या वाटेकडं डोळे लावून उभ्या असलेल्या गाडीचं दुसरं टोक तिथं आहे, आणि ओतकाम तर आपल्या गावाचा हातखंडा. पोर्टलवर जाण्याआधी ड्रॉइंग, धातूचा ग्रेड आणि प्रत्येक ओतकामाचा हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या वितळणीतून ते ओतलं त्याचा नंबर, यांची नोंद चोख ठेवा. तपासणीला येणारा साहेब कास्टिंग बघायच्या आधी तीच वही मागतो.