मिशनवर निघालात? आधी 'वेट लीज' समजून घ्या

परवा भाच्याचा फोन आला. त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या (यूएन) शांतिसेनेत दक्षिण सुदानला निघालीय. "मामा, वेट लीज म्हणजे काय, पाण्याचा टँकर भाड्यानं घ्यायचा?" मी हसलो खरा, पण २०१८ साली तिथल्याच मलाकाल शहरात क्यूएमच्या, म्हणजे पलटणीचं सामानसुमान सांभाळणाऱ्या क्वार्टरमास्टरच्या, ऑफिसात मला बसवलं, तेव्हा माझीही गत वेगळी नव्हती. त्याला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, फुल फॉर्म पाठ करत बसू नका. यूएनच्या कागदावर एका ओळीत पाच-पाच आद्याक्षरं असतात, डोकं फिरतं. कुठलाही शब्द आला की तीन प्रश्न विचारा: वस्तू कुणाची, दुरुस्ती कुणाकडं, आणि आज ती चालू आहे का?

आता सीओई घ्या. पलटणीनं आपल्या देशातून नेलेलं सामान म्हणजे सीओई. पांढरा रंग आणि काळी 'यूएन' अक्षरं बघून गाडी यूएनची समजू नका, ती आपल्याच फौजेची असते. हे सामान आपलं सरकार यूएनला दोन पद्धतीनं भाड्यानं देतं. वेट लीज म्हणजे गाडी आपली आणि देखभाल, सुटे भागही आपलेच. ड्राय लीज म्हणजे गाडी आपली, देखभाल यूएनची. गावाकडं कुणी ट्रॅक्टर दुरुस्तीसकट भाड्यानं दिला तर भाडं जास्त घेतो ना? तोच हिशोब, वेटचा दर चढा. पाण्याचा काही संबंध नाही.

कोणतं सामान कसं दिलंय हे एमओयूत असतं. तो आपलं सरकार आणि यूएन यांच्यातला करार. त्याचं परिशिष्ट ए माणसांचं, बी मोठ्या सामानाचं, सी स्वयंपूर्णतेचं, म्हणजे लंगर (जवानांचं स्वयंपाकघर), लाँड्री, तंबू, संपर्क वगैरे. बी आणि सीची झेरॉक्स जायच्या आधीच मिळवा. तिथं पोचल्यावर कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर, असं होतं.

खरी परीक्षा तपासणीची. उतरल्यावर एक, मग दर तिमाहीला, परतताना शेवटची. मधे तयारीची तपासणीही होते. इथं एक शब्द जपून वापरा: सर्व्हिसेबल, म्हणजे वापरायला तयार. आपल्या एमटी सेक्शनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विभागात, गाडी स्टार्ट होऊन गेटबाहेर पडली की सर्व्हिसेबल. तिथं तपासणारा जॅक विचारतो, स्टेपनी विचारतो, टूलकिट उघडायला लावतो, कारण गाडीच्या दरात तिच्यासोबतचं बारीकसारीक सामानही धरलेलं असतं. चालत नसलेल्या गाडीचे पैसे थांबतात. लंगरचंही तसंच, फ्रीज बंद, स्वच्छता नाही, तर त्या सदराचा परतावा धोक्यात. पैसे सरकारकडं जातात, जवानाच्या खात्यात नाही, त्यामुळं पोरं सुरुवातीला ढिली असतात. पहिल्या तिमाहीनंतर राहत नाहीत.

वेळेबाबत माझीच फजिती सांगतो. विमानाच्या कागदावर '१५०६००झेड' होतं. पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे चार वेळेचे, हे ठाऊक होतं. शेवटच्या झेडकडं बघितलंच नाही. झेड म्हणजे झुलू, जागतिक वेळ. आमचं घड्याळ तेव्हा तीन तास पुढं होतं, म्हणजे विमान नऊला. चौदा जवान घेऊन मी साडेपाचपासून धावपट्टीकडेला बसलो, वर चहाही नाही. (१ फेब्रुवारी २०२१ पासून तिथली वेळ दोनच तास पुढं आहे. जुन्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही.)

कॅझेव्हॅक आणि मेडेव्हॅक हे दोन शब्द मात्र वायरलेसवर अदलाबदल करायचे नाहीत. जखमी माणूस घटनास्थळावरून पहिल्या दवाखान्यात नेणं हे कॅझेव्हॅक. एका दवाखान्यातून पुढच्या, मोठ्या दवाखान्यात हलवणं मेडेव्हॅक. दवाखान्यांना लेव्हल असतात: एक म्हणजे पलटणीचा, दोनमध्ये शस्त्रक्रियेची सोय, तीनमध्ये तज्ज्ञ डॉक्टर. काँगोतल्या गोमाला आपलंच लेव्हल तीन होतं. सोबत '१०-१-२' लक्षात ठेवा: दहा मिनिटांत प्रथमोपचार, एका तासात जीव सावरणारे प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. हे उद्दिष्ट आहे; पावसाळ्यात मलाकालच्या बाहेर दोन तासांत गाडी किती जाते ते बघा, मग कळेल हेलिकॉप्टरची एवढी वाट का बघतात.

कारण तिथली माती. विदर्भातल्या पोरांना सांगायला नको, तीच काळी, चिकट. एमएसआर म्हणजे मुख्य पुरवठा मार्ग, असं नकाशावर ठळक रेघेनं लिहिलेलं असतं, पण पाऊस सुरू झाला की ती रेघ चिखलात जाते. मग जड माल श्वेत नाईल नदीवरून बार्जनं, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीनं, येतो आणि 'फोर्स प्रोटेक्शन', म्हणजे सोबत राखणीला जवान, नदीवरही लागतो.

राहता राहिला मूव्हकॉन. विमानात कोण, बार्जवर काय, किती किलो, हे ठरवणारी शाखा. पेटीवर लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही तर पेटी खाली राहते, मग आत भाच्याच्या आईनं दिलेली चटणी असो की रेडिओचा सुटा भाग. म्हणून पेटी बांधण्याआधी वजन करा, खडूनं नाही, रंगानं लिहा, आणि यादीची एक प्रत आत, एक बाहेर चिकटवा.