पाय न टेकवता धावायचं कसं

कमरेला पट्टा बांधून तलावाच्या खोल बाजूला मी उभ्याउभ्या पाय मारत होतो. शेजारून ब्रेस्टस्ट्रोक मारत जाणारे एक काका थांबले, गॉगल कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हात पुढे टाका हो, हात! असे बुडाल." मी म्हटलं, "काका, पोहत नाहीये, धावतोय." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जीवरक्षकाकडे, आणि निघून गेले.

नडगीच्या हाडाला केसासारखा बारीक तडा गेला होता, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात तो. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद केलं आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीत. पाण्यात धावायला मी गेलो तो नाइलाज म्हणून, आणि पहिले चार दिवस अक्षरशः टाइमपास केला. पाय हलवत गप्पा मारायच्या, वर येऊन चहा प्यायचा. चूक तिथेच होत होती. पाण्यातलं धावणं रस्त्यावरच्या सरावाइतकं काटेकोर केलं तरच उपयोगाचं. नाहीतर ते नुसतं डुंबणं.

आधी पाण्यात घडतं काय, ते बघू. रस्त्यावर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार पायावर येतो. मिनिटाला १६० ते १८० पावलं धरली, तर तासाभरात असे दहा हजार दणके. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर जवळपास निम्मंच वजन उरतं, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. आणि पाय तळाला लागतच नसतील तर दणका शून्य. पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट, त्यामुळे प्रत्येक हालचालीला विरोध भरपूर. हाडांना सुट्टी मिळते, हृदयाला आणि स्नायूंना मात्र काम पडतं. व्यवस्थित केलं तर सराव असलेल्या धावपटूचा दम चार ते सहा आठवडे बराचसा टिकून राहतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

उतरण्याआधी

दुखापतीवर उपाय म्हणून करणार असाल, तर डॉक्टर किंवा फिजिओला विचारल्याशिवाय नको. नडगी, टाच, गुडघा, पाऊल यांच्या दुखण्यात हे बहुतेक वेळा चालतं. जांघेतला किंवा खुब्याच्या पुढचा स्नायू दुखावला असेल तर मात्र सावध राहा, कारण पाण्यात गुडघा वर उचलायचं सगळं काम त्याच स्नायूवर येतं आणि दुखणं वाढू शकतं. उघडी जखम, न सुकलेले टाके, ताप, कानाचा किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर तलावाकडे फिरकूच नका. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांचा स्पष्ट होकार घ्यावा.

पोहता येत नसेल तरी हे जमतं, पण छातीइतक्या पाण्यात. खोल बाजूला जायचंच असेल तर काठाला धरून, जीवरक्षकाला आधी सांगून. पट्टा तरंगायला मदत करतो, जीव वाचवायची हमी देत नाही. विहीर, नदी, खाडी या कामाला नकोच.

पट्टा आणि पाणी

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे. फोमचा फ्लोटेशन बेल्ट तेच करतो. फक्त तो आडवं तरंगवण्याऐवजी उभं धरून ठेवतो. रुंद भाग पाठीकडे, बक्कल पुढे. श्वास सोडून पोट आत घ्या आणि मग आवळा. कोरडेपणी घट्ट वाटलेला पट्टा पाण्यात हमखास सैल होतो, वर सरकून काखेत येतो आणि खांदे कानाला लागतात. माझं पहिल्या दिवशी हेच झालं. पट्टा कमरेवर, बरगड्यांच्या खाली राहिला पाहिजे. पट्ट्याशिवायही धावता येतं, पण तेव्हा सगळी ताकद तरंगत राहण्यात जाते आणि पायांची ढब बिघडते.

पाणी किती खोल हवं? साडेपाच फूट उंचीच्या माणसाला सहा फूट बरं पडतं. हनुवटी पाण्याच्या वर आणि चवडा तळाला न घासणारा, एवढंच बघायचं. पुष्कळ तलावांत खोल बाजू नवशिक्यांना बंद असते, म्हणून पास काढतानाच विचारून घ्या. सकाळी सातच्या बॅचला लेनमध्ये पोहणाऱ्यांची झुंबड असते. दुपारची किंवा शेवटची बॅच निवांत मिळते. कडेची लेन पकडा, म्हणजे काकांना वळसा घालावा लागणार नाही.

ढब

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ घालवा.

पहिल्यांदा काहीच करू नका. पट्टा बांधून खोल पाण्यात नुसते उभे तरंगा. कान, खांदा, खुबा, घोटा एका रेषेत. नजर समोर, तोंड पाण्याच्या वर. आता घोट्यापासून डोक्यापर्यंत सगळं शरीर अगदी किंचित पुढे झुकवा. कमरेत वाकायचं नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं: कमरेत वाकलं की ढुंगण मागे जातं, हात वल्ह्यासारखे चालायला लागतात आणि धावण्याचं कुत्र्यासारखं पोहणं होतं.

मग एक पाय. गुडघा पुढून वर आणा, मांडी जमिनीला समांतर होण्याच्या थोडी आधी थांबवा. तिथून पाऊल खाली आणि मागे ढकला, जणू पायाखालची माती मागे सारताय. पाय मागे जवळजवळ सरळ होऊ द्या, मग टाच वर ओढत पुन्हा पुढे आणा. वर येताना चवडा वर उचललेला, मागे जाताना खाली झालेला. सायकलचं पॅडल मारल्यासारखे पाय पुढच्यापुढे गोल फिरत असतील तर ते चूक. पाय शरीराच्या मागेही गेला पाहिजे. पोटरीत पेटका येत असेल, तर बहुधा पाऊल सारखं ताणून धरलेलं असतं. ते सैल सोडा.

हात रस्त्यावरच्यासारखेच. कोपर काटकोनात, मूठ सैल, अंगठा वर, हालचाल खांद्यातून. तळवे उघडून पाणी कापायला लागलात की पायांचं काम हात पळवतात.

बरोबर चाललंय का, हे ओळखायची एक खूण आहे: तुम्ही पुढे सरकता, पण अगदी गोगलगाईसारखे. २५ मीटरची लेन पटकन पार झाली, तर समजा तुम्ही पोहत आहात. पावलांची गतीही रस्त्यावरच्यापेक्षा कमीच राहते, कारण पाणी पाय फिरवू देत नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाच मिनिटांनी ढब मोडली तर थांबा, काठ धरा, एकेक पाय दहा वेळा सावकाश फिरवा आणि पुन्हा सुरू करा.

किती जोर, किती वेळ

जीपीएस इथे निकामी, अंतराला काही अर्थ नाही. घड्याळ आणि श्वास, दोनच मापं. हृदयाच्या ठोक्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. पाण्याचा दाब पायांतलं रक्त हृदयाकडे ढकलतो, शिवाय अंग थंड राहतं. त्यामुळे तेवढीच मेहनत करूनही ठोके मिनिटाला १० ते १५ कमी दिसतात. रस्त्यावरचा १५० चा आकडा गाठायचा हट्ट धराल, तर पाण्यात जरुरीपेक्षा जास्त दमाल. त्यापेक्षा बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर हलकं, तीन-चार शब्दांवर तुटलं तर मध्यम, "हो" किंवा "नाही" एवढंच निघालं तर जोराचं.

पाण्यात ठोके झटकन खाली येतात, म्हणून मधली विश्रांती छोटी ठेवायची. लांब विश्रांती घेतली तर थंडी वाजते आणि काकांशी गप्पा सुरू होतात.

पहिला आठवडा: पाच मिनिटं हलकं, मग दहा वेळा एक मिनिट जोरात आणि ३० सेकंद हलकं, शेवटी पाच मिनिटं हलकं. झाली २५ मिनिटं. एक दिवसाआड पुरे.

ते अंगवळणी पडलं की आठ मिनिटं हलकं, सहा वेळा तीन मिनिटं मध्यम ते जोरात आणि मध्ये एकेक मिनिट हलकं, मग पाच मिनिटं हलकं. ३६ मिनिटं. पाऊण तासाच्या बॅचमध्ये शॉवर घेऊन हे नेमकं बसतं.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे जिना. एक, दोन, तीन, चार, पाच मिनिटं जोरात आणि मग तसंच चार, तीन, दोन, एक करत खाली, प्रत्येकाच्या मध्ये ३० सेकंद. पाच मिनिटांचा टप्पा संपला की पुढे सगळं उतारच, म्हणून मन टिकतं. सुरुवातीला सहा आणि शेवटी चार मिनिटं हलकं धरलं की ३९ मिनिटं होतात. रविवारचा लाँग रन बुडत असेल, तर त्याऐवजी जोडून दोन बॅचचे पास मिळतात का बघा आणि तासभर हलकं धावा. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा बघत पाढे म्हणायचो. एकोणतीसचा अजून येत नाही.

पाण्यातही घाम येतो, फक्त कळत नाही. आधी आणि नंतर पाणी प्या. बाहेर येताना शिडी सावकाश चढा. तासभर हलकं झालेलं शरीर अचानक जड होतं आणि ओल्या फरशीवर पाय घसरला की नवं दुखणं.

उथळ बाजू

गुडघे झिजलेल्या ज्येष्ठांना, वजन जास्त असलेल्यांना आणि पोहता न येणाऱ्यांना छातीइतक्या पाण्यात चालणं आणि हळू धावणं जास्त सोयीचं. माझी मावशी एवढंच करते, २० मिनिटं, तेही निम्मं चालत. पायांत पाण्यातले रबरी बूट हवेत, नाहीतर फरशीने अंगठ्याची सालटी निघतात. स्ट्रेस फ्रॅक्चरवाल्यांनी मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत उथळ बाजूला धावू नये, कारण तिथे पाय टेकतो.

पुन्हा जमिनीवर

पाणी दम टिकवतं, हाडाला भार सोसायची सवय मात्र लावत नाही. सहा आठवड्यांनी मी मैदानावर गेलो तेव्हा श्वास इतका मोकळा होता की पाच किलोमीटर सहज मारावेसे वाटले. फिजिओने आधीच दटावून ठेवलं होतं म्हणून वाचलो. अर्धा तास न दुखता भरभर चालता यायला लागलं, की एक मिनिट धावणं आणि चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा, दिवसाआड. मधल्या दिवशी पाणी. दर आठवड्याला धावण्याचं एक मिनिट वाढवायचं आणि चालण्याचं एक कमी करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगीवर बोट दाबून बघायचं. ठराविक एकाच जागी कळ आली तर धावणं थांबवायचं, आणि कळ राहिलीच तर पुन्हा डॉक्टर.