मायांगाची खाज थांबत नसेल तर: घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा

मेडिकलच्या काउंटरवर आवाज खाली आणून "खाजेची ट्यूब द्या" म्हणणारी बाई कोल्हापुरात कुठल्याही पेठेत दिसते. खाज कुठे, हे ती सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. ट्यूब पर्समध्ये जाते, चार दिवस बरं वाटतं, पाचव्या रात्री पुन्हा तेच.

माझ्या आत्यानं हे दोन वर्षं केलं. वय ६२, राधानगरी तालुक्यातलं गाव, पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. लावणीला दिवसभर चिखलात वाकून उभं राहिलं की खाजणारच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे राहायला आली आणि रात्री तीन-तीनदा उठून बाथरूममध्ये गार पाणी मारताना मला दिसली, म्हणून विषय निघाला. "दोन वर्षं सोसतोय बघ मी," ती म्हणाली. "ह्या जागेचं कुणाला सांगायचं गं?"

ज्यांना कुणाला सांगता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सांगते त्याच क्रमानं करा. आपण बहुतेक जणी औषधापासून सुरुवात करतो आणि घोळ तिथेच होतो.

१. आधी जागा नीट बघा

दिवसा, चांगल्या उजेडात, बाथरूमची कडी लावून एक पाय स्टुलावर ठेवा आणि हातातल्या आरशात बघा. लग्नाला वीस वर्षं झालेल्या कित्येक जणींनी स्वतःची ही जागा कधी पाहिलेलीच नसते. बाहेरून दिसणारा सगळा भाग म्हणजे मायांग, आणि आत जाणारी वाट म्हणजे योनिमार्ग. खाज बाहेरच्या कातडीला आहे, आत आहे, जांघेच्या घडीत आहे की शौचाच्या जागेभोवती आहे, हे ठरवा. ती कधी वाढते तेही आठवा: रात्री, पाळीच्या आधी, संबंधांनंतर, की नवा साबण किंवा नवं पॅड आणल्यापासून?

जांघेत गोल पसरत जाणारी, कडेला उठलेली लालसर चकती असेल तर तो बहुधा गजकर्ण, म्हणजे नायटा. फुटलेल्या दुधासारखा, गाठी-गाठींचा पांढरा स्राव, फारसा वास नाही, कातडी लाल, आणि लघवीचा थेंब लागला तरी आग होते, अशी लक्षणं कॅन्डिडा नावाच्या बुरशीची असतात. चारपैकी साधारण तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. स्राव पातळ, राखाडी आणि मासळीसारख्या वासाचा असेल तर आतल्या जंतूंचं गणित बिघडलेलं असतं, आणि त्यात खाजेपेक्षा वासाचाच त्रास जास्त. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा असू शकतो. तो संबंधांतून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. अंगभर, बोटांच्या बेचक्यांतही खाज, रात्री जास्त आणि घरात दुसऱ्यालाही, असं असेल तर खरजेचा विचार करायला हवा.

या खुणा वाचून स्वतःच औषध ठरवू नका. नुसतं बघून ओळखताना डॉक्टरांचीही चूक होऊ शकते, म्हणून तर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दवाखान्यात नेमकं काय सांगायचं हे कळावं, एवढ्यासाठीच हे बघून ठेवायचं.

आत्यानं आरसा घ्यायला आधी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच मागितला. कातडी पांढुरकी पडली होती, कागदासारखी पातळ दिसत होती आणि दोन ठिकाणी बारीक भेगा होत्या. स्राव अजिबात नव्हता.

२. धुणं कमी करा

बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं. खाज आली म्हणजे घाण साचली, असं समजून बाई दिवसातून चारदा साबण लावते, गरम पाण्यात डेटॉल टाकते, कडुलिंबाचा पाला उकळून त्यानं आत धुते. योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात, दुधाचं दही करणाऱ्याच कुळातले. ते तिथलं वातावरण आंबट ठेवतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ च्या आसपास. त्या आंबटपणापुढे वाईट जंतू टिकत नाहीत. अंगाच्या साध्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. म्हणजे आत साबण घालून आपण आपलाच पहारेकरी हाकलतो, आणि बाहेरची कातडी कोरडी पडून आणखी खाजते ते वेगळंच. खाज हा अस्वच्छतेचा पुरावा नाही. मला भेटलेल्या बायकांत सर्वांत जास्त धुणाऱ्याच सर्वांत जास्त हैराण होत्या.

पुढचे दोन आठवडे बाहेरून फक्त साधं, कोमट पाणी वापरा आणि मऊ कापडानं टिपून घ्या, चोळू नका. आत काहीही घालायचं नाही: दही नाही, हळद नाही, 'इंटिमेट वॉश' नाही. सुवासिक पॅड, ओले वाइप्स, पावडर, रेझर आणि केस काढायचं क्रीम बंद. शौचानंतर पुढून मागे धुवा. नखं कापा. रात्री खाज सहन होत नसेल तर गार पाण्यात पिळलेलं कापड दहा मिनिटं ठेवा आणि नंतर बाहेरच्या कातडीवर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. खोबरेल तेलही चालतं, पण निरोध वापरत असाल तर ही दोन्ही नकोत, तेलानं रबर फाटतं.

आता आपल्याकडच्या पावसाविषयी. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे तर आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. निकर साडीखाली, कोपऱ्यातल्या दोरीवर दमटच राहते आणि तशीच अंगावर चढते. ती लपवून वाळत घालायची पद्धत सोडा. पंख्याखाली वाळवा, वरून इस्त्री फिरवा, शक्यतो सुती घ्या आणि दोन जास्तीच्या आणा. लावणीहून किंवा दुधाच्या फेरीहून भिजून आलात तर चहाच्या आधी कपडे बदला. इचलकरंजीत मागाच्या उष्म्यात बारा तास उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी हेच घामाबाबत. रात्री निकर न घालता सैल परकर किंवा गाऊनवर झोपलं तर त्या जागेला हवा मिळते.

३. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

मेडिकलमधून तोंडी मागून मिळणाऱ्या बऱ्याच 'खाजेच्या' ट्यूबमध्ये एकात तीन-चार औषधं असतात. बुरशीचं, जंतूंचं, आणि त्यासोबत स्टेरॉईड. पाकिटावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं नाव दिसलं तर ते स्टेरॉईड. त्यानं खाज दोन दिवसांत दबते, म्हणून ट्यूब 'गुणकारी' वाटते. पण नायट्यावर स्टेरॉईड पडलं की कातडीची प्रतिकारशक्ती मंदावते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ट्यूब थांबवली की ती दुप्पट जागा व्यापून वर येते, आणि तिचा नेहमीचा गोल आकार मोडल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखायला जड जाते. महिनोन्महिने लावल्यास जांघेत कातडी पातळ होऊन कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उमटतात. गेल्या काही वर्षांत देशभर नायटा हट्टी झाला आहे, आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याचं एक मोठं कारण या ट्यूबलाच मानतात.

यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. आत्याला शेवटी डॉक्टरांनी दिलं ते क्लोबेटासोलच! तिला होता लायकेन स्क्लेरोसस. यात कातडी पांढरी, पातळ होत जाते, आणि उपचार केला नाही तर मायांगाचा आकार आक्रसत जातो. त्याच्यावर तेच जोरकस स्टेरॉईड मलम लागतं. किती लावायचं, किती दिवस, कमी कसं करत न्यायचं, हे मोजून. तिच्याच गावातल्या नायटा झालेल्या बाईनं हे मलम लावलं असतं तर तिचं नुकसान झालं असतं. म्हणून शेजारणीची ट्यूब लावू नये.

बुरशीच्या योनीत ठेवायच्या गोळ्यांचंही असंच. एकदा तपासून निदान झालेलं आहे, आणि पुन्हा हुबेहूब तोच त्रास आहे, तर क्लोट्रिमॅझोल डॉक्टरांना विचारून वापरणं वेगळं. पहिल्यांदाच होत असेल तर अंदाजानं वापरू नका. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची तोंडानं घ्यायची गोळी गरोदरपणात घेऊ नये.

४. साखर तपासली आहे का?

पुन्हा-पुन्हा बुरशी होत असेल तर हा प्रश्न पहिला. साखर वाढली की बुरशीचं फावतं, आणि कित्येकींना मधुमेह आहे हे या खाजेमुळेच कळतं. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, करून घ्या.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्यांची नावं बघावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'ग्लिफ्लोझिन'नं संपणारी नावं असतील तर त्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीलाही मदत करतं, पण त्या जागेला साखर लागत राहिल्यानं बुरशी होण्याची शक्यता वाढते. गोळी मनानं बंद करू नका. डॉक्टरांना खाजेचं सांगा, लघवीनंतर पाण्यानं धुऊन टिपून घ्या. ॲन्टिबायोटिकच्या कोर्सनंतर आणि गरोदरपणातही बुरशी बळावते.

पाळी गेल्यावरचा कोरडेपणा हे आणखी एक नेहमीचं कारण. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की तिथली कातडी नाजूक होते, खाजते, संबंधांच्या वेळी दुखते. वयामुळे होतं हे खरं, पण त्यावर आत लावायची क्रीम आहेत, सोसत बसायची गरज नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी ती डॉक्टरांना तसं सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

५. किती दिवस थांबायचं

त्रास पहिल्यांदाच होत असेल तर दोन-चार दिवसांतच दाखवा. एरवी घरच्या काळजीवर हवाला ठेवायची मुदत जास्तीत जास्त दोन आठवडे. वर्षात तीन किंवा जास्त वेळा त्रास होत असेल तर दरवेळी जुनं औषध आणू नका, स्राव तपासून, कल्चर (स्रावातले जंतू वाढवून बघायची तपासणी) करून घ्या.

आणि काही गोष्टींत दोन आठवडेही नाहीत. गरोदर असाल. फोड, जखम किंवा व्रण असेल. ओटीपोटात दुखून ताप येत असेल. पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग दिसला असेल. कातडी पांढरी पडली, भेगा पडल्या, गाठ लागली, किंवा एखादी जागा जाड, खडबडीत झाली असेल. मायांगाचा कर्करोग दुर्मिळ आहे, पण त्याची सुरुवात बहुतेकदा न थांबणाऱ्या खाजेनंच होते. अशा वेळी डॉक्टर कातडीचा छोटा तुकडा तपासायला घेतात. त्याला घाबरून मागे फिरू नका, जागा बधिर करूनच ते करतात.

लहान मुलीला रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल तर बहुधा जंत असतात, आणि औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यावं लागतं. पण तिला वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव असेल तर लगेच दाखवा, आणि तिला कुणी त्रास दिला आहे का, हे न ओरडता, शांतपणे विचारा.

६. दवाखान्यात

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ, दोघांपैकी कुणीही चालतं. कातडी बदललेली दिसत असेल तर मी त्वचेच्या डॉक्टरांकडे आधी जाईन. खासगीचा खर्च परवडत नसेल तर कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे दोन्ही विभाग आहेत. इचलकरंजीत आयजीएम रुग्णालय, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय. त्वचा विभागाच्या पाटीवर 'गुप्तरोग' हा शब्द दिसतो, त्यानं बिचकू नका, नायटा-खरजेचे रुग्णही तिथेच असतात. गावात आशाताईंना विचारलं तर त्या सोबत येतात.

जाण्याआधी दोन दिवस आत काही ठेवू नका, मलम लावू नका, आणि त्या सकाळी साबणानं घासून जाऊ नका, नाहीतर तपासणीत काही सापडणार नाही. शक्यतो पाळीचे दिवस टाळा, पण रक्त विचित्र जात असेल तर थांबू नका. लावलेल्या सगळ्या ट्यूबची पाकिटं पिशवीत टाकून न्या. लाज वाटत असेल तर कागदावर लिहा: कधीपासून, कुठे, स्राव कसा, शेवटची पाळी, साखर-थायरॉईडच्या गोळ्या. कागद पुढे केला तरी पुरतो. महिला डॉक्टर मागता येतात, तपासणीच्या वेळी नर्स किंवा आपलं माणूस खोलीत हवं असंही सांगता येतं. लग्न झालेलं नसेल, संबंध आलेले नसतील तर ते आधीच सांगा, म्हणजे आत उपकरण न घालता बाहेरून बघतील. आणि न बघताच चिठ्ठी लिहिली जात असेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, एकदा बघून सांगा."

आत्याच्या वेळी मी बाहेर बाकावर बसले होते. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली, हातात चिठ्ठी होती. "बाईंनी नाव सांगितलं गं रोगाचं," म्हणाली, जणू कुणी तिची बाजू घेतली होती. मलम आधी रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या आठवड्यात ती रात्रभर झोपली. हा आजार मुळापासून जात नाही, आणि थोड्या जणींत पुढे कर्करोगाची शक्यता असते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं ठरलं आहे. ती राधानगरीहून सकाळच्या एसटीनं येते. मागच्या खेपेला तिच्यासोबत गावातल्या आणखी दोघी होत्या.